शाळा उघडायची की नाही, हे ठरवतं कोण?

‘कोरोनात शिक्षकांनी दीड वर्ष घरात बसून पगार खाल्ला’ हे वाक्य कोल्हापुरातल्या कट्ट्यांवर अजून शिळं झालेलं नाही. विषय जुन्या पेन्शनचा निघो नाहीतर टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा, कुणीतरी ते टाकतंच. समोर एखादे गुरुजी बसलेले असले तर त्यांचंही उत्तर तयार असतं: ‘आणि चेकपोस्टवर रात्रीचं कोण उभं होतं? तुम्ही?’ तिथून पुढं बोलणं सरकत नाही.

कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर चालवायची की पोरांना वर्गात बसवायचं, यावरून जगभर पालक आणि शिक्षक संघटना एकमेकांना भिडल्या. अमेरिकेत तर हे भांडण कोर्टात आणि मतपेटीत गेलं. आपल्याकडं त्या बातम्या वाचल्या गेल्या आणि बऱ्याच जणांनी चित्र तसंच्या तसं इथं बसवलं: तिकडं संघटना शाळा उघडू देत नाहीत, म्हणजे इकडंही तसंच असणार. माझं म्हणणं असं की ही दोन भांडणं दिसायला सारखी असली तरी एक नव्हेत. तिथं शाळा थांबवण्याची ताकद खरोखर संघटनेकडं होती. इथं ती संघटनेकडंही नव्हती आणि पालकांकडंही नव्हती. ठरवणारा तिसराच होता, आणि त्याच्यापर्यंत कुणाचाच हात पोचत नसल्यामुळं दोघं एकमेकांवर तोंडसुख घेत राहिले.

तिकडचं आधी बघू, कारण ते समजायला सोपं आहे.

शिकागोत काय झालं

शिकागो शहराच्या सरकारी शाळांत तेव्हा तीन लाखांहून जास्त मुलं शिकत होती आणि शिकागो टीचर्स युनियनचे सभासद होते पंचवीस हजारांच्या आसपास. जानेवारी २०२१ मध्ये शहर प्रशासनानं शिक्षकांना वर्गात परत बोलावलं. युनियन म्हणाली, लस नाही, वर्गात हवा खेळती आहे का याची खात्री नाही, आम्ही घरूनच शिकवणार. महिनाभर ताणाताणी झाली आणि फेब्रुवारीत लेखी करार झाला. शिक्षकांना लस कशी मिळणार, किती रुग्ण निघाले की वर्ग पुन्हा ऑनलाइन न्यायचा, असली कलमं त्यात होती. पुढच्या वर्षी ओमिक्रॉन आला. ४ जानेवारी २०२२ ला युनियननं सभासदांचं मत घेतलं आणि ७३ टक्क्यांनी ‘ऑनलाइन’च्या बाजूनं कौल दिला. महापौर लोरी लाइटफूट यांच्या प्रशासनानं ‘ऑनलाइन चालणार नाही’ म्हणत वर्गच रद्द केले. पाच दिवस ना ऑनलाइन, ना ऑफलाइन. १२ जानेवारीला मुलं परत वर्गात आली.

एका संघटनेच्या मतदानानं एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा कशा थांबतात, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावायला लांब जावं लागत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची मागणी जाहीर होते आणि दर ठरल्याशिवाय उसाला कोयता लावू देणार नाही, असं शेतकरी संघटना सांगते. कारखान्याला ऊस वेळेत पाहिजे, शेतकऱ्याला दर पाहिजे आणि ऊस रानात वाळला तर दोघंही बुडणार. म्हणून कितीही आदळआपट झाली तरी शेवटी बैठक बसते आणि आकडा ठरतो. अमेरिकेतल्या शिक्षक युनियनचं काम असंच चालतं. त्याला सामूहिक सौदेबाजी म्हणतात. फरक इतकाच की तिथल्या बऱ्याच राज्यांत तो सौदा कायद्यानं बांधलेला असतो. पगार, कामाचे तास, कामाच्या जागेची सुरक्षितता यावर करार होतो आणि तो मोडला तर कोर्टात जाता येतं. वर्गात हवा खेळती आहे की नाही हा त्यांच्यासाठी नुसता आरोग्याचा प्रश्न राहत नाही, तो कामाच्या अटींत बसतो.

आता या सौद्याच्या टेबलावर पालकांना खुर्ची नसते. एका बाजूला प्रशासन, दुसऱ्या बाजूला युनियन, आणि ज्याचं पोरगं घरात स्क्रीनसमोर बसून आहे तो दाराबाहेर. तिथल्या पालकांच्या रागाचं मूळ इथं आहे. पण त्यांच्याकडं दुसरं एक हत्यार होतं: शाळा चालवणारं मंडळ तिकडं बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोत तर फेब्रुवारी २०२१ मध्ये खुद्द शहरानं शाळा उघडत नाहीत म्हणून शाळा मंडळावर खटला भरला. वर्षभरानं, १५ फेब्रुवारी २०२२ ला, मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना घरी बसवलं. शाळा बंद असताना हे मंडळ शाळांची नावं बदलण्यात गुंतलं होतं आणि एका नामवंत शाळेची प्रवेशपद्धत बदलत होतं, हाही राग त्या मतदानात होता. तरी सुरुवात बंद वर्गांपासून झाली.

ब्रिटनचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाताळची सुट्टी संपून ४ जानेवारी २०२१ ला इंग्लंडमधल्या बऱ्याच प्राथमिक शाळा उघडल्या आणि त्याच संध्याकाळी बंद करण्याची घोषणा झाली. त्याच्या आधल्या दोन-तीन दिवसांत तिथल्या नॅशनल एज्युकेशन युनियननं सभासदांना १९९६ च्या रोजगार कायद्यातलं ४४ वं कलम दाखवलं होतं. कामाच्या जागी जिवाला गंभीर धोका आहे असं कामगाराला रास्तपणे वाटलं, तर तिथं जायला नकार दिल्याबद्दल मालक त्याचं नुकसान करू शकत नाही, असा त्या कलमाचा अर्थ. हे कलम लक्षात ठेवा. आता आपण इकडं येतोय.

कोल्हापुरात ‘नाही’ म्हणायची सोय कुणाला होती?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला कोल्हापुरात असं कुठलं कलम दाखवता आलं नसतं. उलट २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्या काळात लागू होता आणि त्याखालचे आदेश न पाळणं हा गुन्हा. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात २७ वं कलम आहे. शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायची नाहीत, असं ते सांगतं, आणि लगेच तीन अपवाद काढतं: दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. कोरोना ही आपत्तीच. म्हणून गुरुजी चेकपोस्टवर उभे राहिले, संस्थात्मक विलगीकरणासाठी घेतलेल्या स्वतःच्याच शाळेत मुंबई-पुण्याहून आलेल्यांच्या नोंदी करत बसले, रेशन दुकानावर गेले, आणि सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या पाहणीत कुठं ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले. ड्युटीवर मृत्यू आला तर ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य राज्य सरकारनं जाहीर केलं होतं, पण मृत्यू ड्युटीमुळंच झाला हे कागदावर शाबित करायचं काम घरच्यांवर होतं.

शिक्षकांच्या मनातली भीती किती खरी होती, याचा अंदाज उत्तर प्रदेशातून येतो. एप्रिल २०२१ मध्ये तिथं पंचायत निवडणुका झाल्या. तिथल्या प्राथमिक शिक्षक संघानं नावांची यादीच दिली: निवडणुकीच्या ड्युटीपायी १,६२१ शिक्षक-कर्मचारी कोरोनानं गेले. सरकारचं पहिलं म्हणणं होतं, तीन. ड्युटीवर असताना मेला तोच मोजायचा, घरी येऊन आठ दिवसांनी मेला तो नाही, असा त्या ‘तीन’चा हिशेब. नंतर नियम सैल करावे लागले. ही बातमी इथल्या शिक्षकांच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली होती.

मग आपल्याकडच्या संघटना करत काय होत्या? कोल्हापूर हा शिक्षक संघटनांचा जिल्हा आहे. प्राथमिकचा संघ, समिती, पुरोगामी, माध्यमिकच्या वेगळ्या, मुख्याध्यापक संघ, संस्थाचालकांचा आणखी वेगळा. शिवाय शिक्षक बँक आणि माध्यमिक शिक्षकांची कोजिमाशि पतसंस्था यांच्या निवडणुका विधानसभेइतक्या चुरशीनं लढल्या जातात. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघातून आमदार जातो, तो वेगळाच. पुणे विभागाच्या त्या जागेसाठी ऐन कोरोनात, १ डिसेंबर २०२० ला, मतदान झालं आणि कोल्हापूरचे जयंत आसगावकर निवडून आले. म्हणजे वजन आहे, नाही असं नाही. पण हे वजन बदल्या, वेतनश्रेणी, अनुदानाचे टप्पे, पेन्शन यांसाठी वापरायचं. मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप आठवा, दसरा चौक कसा भरला होता. शाळा उघडण्याच्या बाबतीत मात्र संघटनांनी निवेदनं दिली आणि अटी घातल्या: आधी चाचणी, आधी लस, आधी कोविड ड्युटीतून मोकळं करा, शाळा निर्जंतुक करायचा खर्च कोण देणार ते सांगा. ‘आम्ही येणार नाही’ असा ठराव करून शाळा थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं आणि खरं तर त्यांच्या स्वभावातही नव्हतं.

लसीचं मात्र त्यांचं म्हणणं रास्त होतं. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग उघडले तेव्हा देशात लसच नव्हती. शिक्षकांना आरटीपीसीआर सक्तीची केली. उघडण्याच्या आधल्या आठवड्यात स्वॅब द्यायला शिक्षकांच्या रांगा लागल्या आणि अहवाल यायच्या आत शाळेची घंटा वाजायची वेळ आली. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी आली, तेव्हा लस फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळत होती. मार्चच्या सुरुवातीला अमेरिकेत अध्यक्ष बायडेन यांनी शिक्षकांना लस आधी द्या म्हणून राज्यांना सांगितलं. आपल्याकडं शिक्षकांसाठी म्हणून जादा डोस राज्यांना देण्याची घोषणा झाली ऑगस्ट २०२१ मध्ये, शिक्षकदिनाचा मुहूर्त धरून.

संमतीपत्र

आता पालकांकडं वळू. पालकांना कुणी विचारलं का? विचारलं, एका कागदावर. मूल वर्गात बसण्यासाठी पालकांचं लेखी संमतीपत्र लागायचं. अर्ध्या पानाचा मजकूर, बहुतेक शाळांत झेरॉक्स: मी अमुक, माझा पाल्य तमुक, इयत्ता, तुकडी; त्याला शाळेत पाठवण्यास माझी संमती आहे; त्याला सर्दी-खोकला-ताप असल्यास पाठवणार नाही; मास्क, पाण्याची बाटली, डबा घरून देईन. काही शाळांनी खाली आणखी एक ओळ घातली होती, पाल्यास काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही अशा अर्थाची. ती ओळ वाचून कितीतरी पालकांनी पेन खाली ठेवलं. आणि ती ओळ नसेल तर मुख्याध्यापक पेन खाली ठेवायचे.

माझ्या मते सगळ्या भांडणाचं सार त्या ओळीत आहे. शाळा सुरू करणं हा वैद्यकीय निर्णय असल्यासारखी चर्चा चालायची: रुग्ण किती, टक्का किती, मुलांना धोका किती. पण गावोगाव जो प्रश्न अडत होता तो असा: काही वाईट झालंच तर ते कुणाच्या नावावर पडणार? मंत्रालयानं निर्णय ‘स्थानिक प्रशासनावर’ सोडला. जिल्हाधिकारी आणि आयुक्तांनी अहवाल मागवले. अहवाल मुख्याध्यापकांनी द्यायचे. मुख्याध्यापकांनी संमतीपत्र पालकांच्या हातात दिलं. जबाबदारी अशी एकेक पायरी उतरत शेवटी पाचवीतल्या पोराच्या आईच्या सहीपाशी आली. तिनं सही केली नाही तर ‘पालकांचाच प्रतिसाद नाही’, आणि केली तर ‘तुम्हीच सही केलीय’.

जुलै २०२१ मध्ये याचं एक बरं रूप आलं होतं. गावात महिनाभर कोरोनाचा रुग्ण नसेल, तर आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे, आणि ठरवायचं गावानं. सरपंच अध्यक्ष, तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सोबत. पालकांच्या वतीनं बोलणारं कुणीतरी निर्णयाच्या बैठकीत बसलं, असं या सगळ्या काळात ठळकपणे इथंच झालं. कोल्हापूरला मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जून-जुलैत जिल्ह्याचा संसर्गाचा टक्का राज्यात वरच्या क्रमांकांवर होता, महिनाभर रुग्ण नसलेलं गाव सापडणं मुश्कील, आणि २२ जुलैनंतर पंचगंगेनं सगळाच हिशेब बुडवला. ज्या शाळा उघडायच्या त्यांत पूरग्रस्त राहायला आले.

शहरातल्या पालकांची गत आणखी वेगळी. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासकच होता. म्हणजे शाळा उघडण्याचा खेळ सुरू झाला त्याच महिन्यात प्रभागातला नगरसेवक नाहीसा झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या पालकाला ज्याला पाडायचं तो समोर तरी होता. इथं पालकानं जायचं कुणाकडं? तो वर्गशिक्षकाला फोन करायचा, कारण नंबर तेवढाच त्याच्याकडं होता.

आधी बार, मग देऊळ, मग दहावी

कोणत्या क्रमानं काय उघडलं, हे एकदा ओळीनं बघा. हॉटेल आणि बार ५ ऑक्टोबर २०२०. मंदिरं १६ नोव्हेंबर, पाडव्याला. नववी ते बारावी २३ नोव्हेंबर. पाचवी ते आठवी पुढच्या जानेवारीत. मग दुसरी लाट, सगळं बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये १७ तारखेपासून वर्ग सुरू करण्याचा आदेश निघाला आणि तज्ज्ञांच्या टास्क फोर्सनं हरकत घेतल्यावर दोन दिवसांत थांबला. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीच्या पुढं आणि शहरात आठवीच्या पुढं सुरू झालं. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी आणि शहरातली पहिली ते सातवी उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडलं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या पोरानं वर्ग पहिल्यांदा पाहिला तो दुसरीत गेल्यावर.

थोरले आधी आणि धाकटे शेवटी, हे आपल्याला इतकं साहजिक वाटलं की कुणी फारसं विचारलंही नाही. पण डेन्मार्कनं १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडल्या तेव्हा बरोबर उलटं केलं: पाळणाघरं आणि पाचवीपर्यंतचे वर्ग आधी. त्यांचा विचार सरळ होता. लहान मुलांना या आजाराचा धोका सर्वांत कमी, ती स्क्रीनवर शिकू शकत नाहीत, आणि ती घरी असली की आईबापांना कामावर जाता येत नाही. आपल्याकडं दहावी-बारावी आधी, कारण बोर्डाची परीक्षा. ती परीक्षाही २०२१ मध्ये रद्दच झाली आणि अंतर्गत गुणांवर दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, तो भाग वेगळा. पहिली-दुसरीला बोर्ड नाही, म्हणून त्यांची घाई कुणालाच नव्हती. यात संघटनांना दोष द्यायचा तर एवढाच देता येईल की लहान वर्ग आधी उघडा, अशी जोरदार मागणी प्राथमिक शिक्षकांकडून यायला हवी होती. अक्षरओळख मोबाइलवर होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘ऑनलाइन’ म्हणजे नेमकं काय चाललं होतं

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे सुरू’ हे राज्याचं घोषवाक्य. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली लागायचं, दीक्षा अॅप होतं, स्वाध्याय होते. केंद्र सरकारनं जुलै २०२० मध्ये वेळेची मर्यादाही घातली: आठवीपर्यंत दिवसात ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास, नववीपासून जास्तीत जास्त चार. कागदावर सगळं होतं.

घरात काय होतं? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १०० घरांपैकी इंटरनेटची सोय १५ घरांतही नव्हती. पुढच्या दोन वर्षांत स्वस्त डेटामुळं आकडा चढला असेल, पण फोन घराचा म्हणून नसतो, तो कुणाच्या तरी खिशात असतो. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा बाप सकाळी सहाला फोन घेऊन घराबाहेर पडतो. गुरुजींनी दहा वाजता टाकलेला व्हिडिओ पोरगी संध्याकाळी पाचनंतर बघणार, तेही डेटा उरला असेल तर. घरात दोन भावंडं असली की थोरल्याचा तास आधी. इचलकरंजीत यंत्रमागावर आई आणि बाप दोघंही गेले की घरात उरतात पोरं आणि म्हातारी. ‘पालकांनी मुलासोबत बसावं’ ही सूचना अशा घरात कुणी वाचायची? गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यांत तर पावसाळ्यात आधी लाइट जाते, मग टॉवर. माझी मावसबहीण त्या पट्ट्यात शिकवते. ती शुक्रवारी गृहपाठाच्या झेरॉक्स किराणा दुकानात ठेवायची आणि पुढच्या शुक्रवारी भरलेले कागद तिथूनच उचलायची. दुकानदार पोरांना बजावायचा, ‘कागूद दिल्याबिगर गोळी मिळायची न्हाई.’ हजेरी त्याच्याइतकी चोख कुणी घेतली नसेल.

गावोगाव शिक्षकांनी पारावर, देवळाच्या ओवरीत, कुणाच्या अंगणात पाच-पाच पोरं बसवून शिकवलं. सगळ्यांनी नाही. पीडीएफ पुढं ढकलून दिवस काढणारेही होतेच, आणि ते कोण होते हे गावाला नावानिशी माहीत आहे. पण पारावर शिकवणारा गुरुजी नियमानं बघायला गेलं तर आदेश मोडत होता, आणि पीडीएफ ढकलणारा आदेश पाळत होता. व्यवस्था म्हणून हे सगळ्यात वाईट.

नुकसान किती झालं? ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुलं होती आठ टक्के, आणि ३७ टक्के काहीच शिकत नव्हती. असर या ग्रामीण पाहणीनुसार तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं देशातलं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २०.५ झालं. अमेरिकेतही राष्ट्रीय चाचणीत आठवीचं गणित २०१९ च्या तुलनेत आठ गुणांनी घसरलं, चौथीचं पाच गुणांनी. तिथल्या संशोधकांनी जिल्हेवार मांडणी केली तेव्हा दिसलं की जिथं ऑनलाइन जास्त काळ चाललं तिथं घसरण सरासरीनं मोठी, आणि गरीब भागात आणखी मोठी. पण जिथं शाळा लवकर उघडल्या तिथंही मुलं मागं पडलीच. म्हणजे सगळं खापर बंद वर्गांवर फोडता येत नाही. घरातलं आजारपण, गेलेला रोजगार, मोडलेली सवय यांचाही वाटा त्यात आहे.

सगळे शिक्षक एका बाजूला नव्हतेच

‘शिक्षक’ म्हणून आपण एक गठ्ठा धरतो, तिथं आणखी एक घोळ होतो. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार शाळा बंद असली तरी खात्यावर आला. विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या बाईंचा पगार फीमधून येतो. फी थांबली, पगार अर्ध्यावर आला, काहींचा थांबलाच. त्यांच्यासाठी शाळा बंद म्हणजे चूल बंद. कुणी भाजी विकली, कुणी शिकवण्या घेतल्या. बंद शाळेची फी का द्यायची, हा पालकांचा सवाल होता, आणि तोही चुकीचा नव्हता. राजस्थानातल्या शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये १५ टक्के सवलतीचा निकाल दिला, त्यावर महाराष्ट्रानं ऑगस्टमध्ये तशीच कपात जाहीर केली. इंग्रजी शाळांचे संस्थाचालक म्हणूनच ‘उघडा, उघडा’ करत होते. त्यात मुलांची काळजी किती आणि फीची किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कायम शिक्षकांच्या मोठ्या संघटनांनी या अर्धपगारी सहकाऱ्यांसाठी जेवढा आवाज काढायला हवा होता तेवढा काढला नाही, हे मात्र मी स्पष्टच म्हणेन. पेन्शनच्या मोर्चातल्या जोराच्या निम्मा जरी तिकडं लागला असता तरी पुष्कळ झालं असतं.

पालकही एका सुरात नव्हते. जुलै २०२१ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं ऑनलाइन मत घेतलं तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त पालक वर्ग सुरू करण्याच्या बाजूचे निघाले. ज्यांच्याकडं फोन नाही ते या पाहणीत आलेच नसणार, आणि त्यांना तर शाळा आणखीच हवी होती. पण ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप आणि आजी-आजोबा असलेल्या घराचं ‘थांबूया’ आणि यंत्रमागावर जाणाऱ्या घराचं ‘कवा उघडताय?’ ही दोन्ही पालकांचीच मतं. मंत्र्यांपर्यंत पहिलं लवकर पोचतं.

जानेवारी २०२२

हा घोळ थोडाफार सुटला तो तिसऱ्या लाटेत. ८ जानेवारी २०२२ ला राज्यानं शाळा पुन्हा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद करण्याचा आदेश काढला. शिकागोत त्याच आठवड्यात शाळा थांबल्या होत्या, पण तिकडं सुरुवात युनियनच्या मतदानानं झाली होती. इकडं सरकारनं थांबवल्या आणि शिक्षक, पालक, संस्थाचालक तिघांनीही विरोध केला. तोवर शिक्षकांना लस मिळाली होती, १५ वर्षांवरच्या मुलांचं लसीकरण ३ जानेवारीला सुरू झालं होतं, आणि पहिलीची पोरं जेमतेम महिनाभर वर्गात बसली होती. दोन आठवड्यांत सरकार मागं आलं. २४ जानेवारीपासून पूर्वप्राथमिकपासूनचे वर्ग स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानं उघडायला मुभा मिळाली. संमतीपत्र तेव्हाही होतंच.

आता कोरोना नाही, पण निम्मा प्रश्न दर पावसाळ्यात उरतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी चढलं की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, त्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. लगेच शहरातल्या पालकांच्या ग्रुपवर येतं, ‘मग ऑनलाइन घ्या की’. शिक्षकांकडून उत्तर येतं, ‘रविवारी भरून काढू’. नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीच्या घरांत तेव्हा फोन चार्ज करायलाही लाइट नसते, त्यामुळं तिथून काहीच येत नाही. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. पुरात गेलेले दिवस दिवाळीच्या सुट्टीतून काढायचे की शनिवारी पूर्ण दिवस भरवून, हे मात्र शाळेच्या पातळीवर बोलता येतं. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिची जूनमधली बैठक बहुतेक ठिकाणी गणवेश आणि पोषण आहारावर बोलून, चहा घेऊन संपते.